येळवशीचं शिंपण

“शिंपताना हात आखडायचा न्हाई, आवडे. एक जरी धाट कोरडं ऱ्हायलं, तर ते वर्षभर रुसतंय.”

मार्गशीर्ष लागला की आईचा हा आवाज आवडाच्या कानात आपोआप जागा व्हायचा. आई मनकर्णाबाई मूळच्या लातूरकडच्या. त्यांच्या माहेरी मार्गशीर्षातल्या अवसेला येळवस म्हणतात. नुकताच निसवलेला शाळू, म्हणजे कणसात आलेली रब्बीची ज्वारी, ही दिवस गेलेली लेक. त्या दिवशी तिचे डोहाळे पुरवायचे, ताकात ज्वारीचं पीठ शिजवून आंबील करायची, आणि कडुलिंबाच्या डहाळीनं ती शेतभर शिंपायची. इकडं लासूर स्टेशनाच्या बाजूला ही रीत कुणालाच ठाऊक नव्हती. लोक आधी हसले, मग सवयीचे झाले. मनकर्णाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि आता त्या अख्ख्या शिवारात येळवस करणारी एकटी आवडाच उरली होती.

निजामाच्या राज्यातलं ते तेराशे पंचेचाळीस फसली साल, इंग्रजी एकोणीसशे पस्तीस. हस्ताचा पाऊस कोरडा गेलेला. शाळू होता तो नुसत्या जमिनीच्या ओलीवर आणि देवाच्या भरवशावर.

आवडाचा रोजचा एक नेम होता. पहाटे उठायचं, अंघोळ करायची, आणि मळ्यातल्या विहिरीवरच्या साती आसरांना, पाण्याच्या देवतांना, फुलं वाहीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आईच्या दुखण्यात धरलेलं हे मौन आईमागंही सुटलं नव्हतं. उलट आता ते तिला गोड वाटायचं. बाकी दिवसभर ती बोलायचीच की! इतकी बोलायची, की ती मुकी असते तो वेळ बैलांनाही बरा वाटत असेल, असं तिचे वडील सांडूअण्णा म्हणायचे.

त्या दिवशीही ती तशीच निघाली होती. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात झेंडूची परडी. धुकं इतकं दाट, की बांधावरची बोर दिसेना. आणि विहिरीच्या वरच्या अंगाला, शाळूच्या ओळीत, कुणीतरी धाट वाकवून गुडघे टेकून बसलेलं… कणसाला हात घालून!

चोर!

ओरडावं तर मौन. पळावं तर कणीस जाईल. आवडानं इकडंतिकडं पाहिलं, परडी खाली ठेवली, एक बेताचं ढेकूळ उचललं, आणि नेम धरून मारलं.

टोपी उडाली.

“अरे—! कोण आहे? अहो, मारू नका! मी चोर नाही, शेतकी खात्याचा माणूस आहे!”

चोविशीतला एक सावळा तरुण डोकं चोळत उभा राहिला. हातात बारीक चिमटा, कानामागं पेन्सिल, कोटाच्या खिशातून डोकावणाऱ्या कागदी पिशव्या. आवडानं दुसरं ढेकूळ तयारच ठेवलं होतं. तिनं भुवया उडवल्या. इथं काय काम?

“सांडूअण्णांनी जागा दिली आहे खात्याला. दसऱ्याला आमचा शिपाई परक्या बियाच्या चार ओळी पेरून नव्हता का गेला? मी फुलोऱ्याच्या कामाला आलोय. बद्रीनाथ माझं नाव. सोयगावचा… तुम्ही?”

आवडानं ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

त्याचा चेहरा एकदम पडला. “अरेरे… बोलता येत नाही का तुम्हाला?” मग फार मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, “मी—कणसाला—पिशवी—बांधतोय!”

आवडाला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती विहिरीकडं पळाली. पण त्या दिवशी आसरांपुढं हात जोडताना तिच्या मनात एकच प्रश्न फिरत राहिला… कणसाला पिशवी? ती कशाला?

दुसऱ्या दिवशी ती त्याच वाटेनं गेली. वाट तीच होती म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी जरा लवकर निघाली. बद्रीनाथ आपला रोज मोठ्यानं, सुटंसुटं सांगत होता, आणि ती दोन दोन मिनिटं थांबून ऐकत होती. अण्णा पलीकडं मिरचीच्या वाफ्यांना मोट हाकत असायचे. मुकी पोर त्या शेतकीवाल्याचं म्हणणं ऐकतेय, हे बघून ते मिशीतल्या मिशीत हसायचे, पण त्याचा गैरसमज काही दूर करायचे नाहीत.

“क्या गं आवडा,” शेजारच्या पिंजाऱ्याची गुलशन कापूस पिंजता पिंजता म्हणाली, “तेरा पिशवीवाला कित्ता ओरडतो गं! पहाटे पहाटे आमच्या अब्बांची झोप मोडली. त्याला सांग की, तुझे कान शाबूत हैत.”

“सांगते की. पर मग तो सांगायचा थांबला तर?”

“हाय अल्ला! म्हंजे ऐकायचं हाय तर!” गुलशननं मूठभर कापूस तिच्या अंगावर उधळला.

पाचव्या दिवशी बद्रीनाथनं कणसाशी बोलावं तसं मन मोकळं केलं. मुक्या माणसापुढं माणूस मोकळा होतोच.

“तुम्हाला म्हणून सांगतो, मला सांडूअण्णांची भीती नाही वाटत. त्यांची एक मुलगी आहे म्हणे घरात, तिची वाटते. चावडीवरचे लोक म्हणतात, भलती तिखट आहे. एकदा बोलायला लागली की ऐकणाऱ्याला पाणी मागायची सोय नाही. बरं झालं, अजून गाठ पडली नाही.”

आवडा शांतपणे विहिरीवर गेली. सातही शेंदरी दगडांना फूल वाहिलं, उदबत्ती लावली, नमस्कार केला. मग परत आली, आणि त्याच्या पाठीमागं उभी राहून म्हणाली,

“तिखट कोण म्हणालं?”

चिमटा हातातून पडला. बद्रीनाथनं मागं वळून पाहिलं, मग डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं.

“तुम्ही… तुम्हाला…”

“पाणी पायजे का? मागून घ्या, मग सोय नाय ऱ्हायची.”

त्याचे कान असे लाल झाले, की आवडाला त्या धुक्यातही दिसले. आधी ती हसली, मग तोही हसायला लागला, आणि मोटेवरचे अण्णा तर इतके मोठ्यानं हसले की बैल थबकले.

त्या दिवसापासून पूजा झाली की आवडाचे प्रश्न सुरू व्हायचे.

“ही पिशवी कशापायी?”

“वाऱ्यापायी. फुलोरा आला की कणसावर ही पिवळी धूळ सुटते, बघा. वारा कुणाची धूळ कुणाच्या पदरात टाकील, त्याचा भरवसा नाही. मला ज्याची हवी त्याचीच पडावी, म्हणून.”

“मंजे तुम्ही कणसांचं लगीन लावता!”

तो थोडा थांबला. “…तसंच म्हणा.”

“मग नवरदेव कोण?”

“तो बघा, त्या चार ओळींतला. पांढरा, टपोरा दाणा, मोत्यासारखा. भाकरी मऊसूत होते. पण नाजूक आहे, ओल कमी पडली की मान टाकतो. आणि नवरी तुमच्या घरची. गावरान. दाणा बारीक, पण बघा की, पाऊस नाही तरी कशी ताठ उभी आहे. पानसुद्धा गुंडाळलं नाही तिनं.”

“आमच्याकडच्या पोरी तशाच असत्यात,” आवडा म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो हे कळून तिनं एकदम विहिरीकडं पाहिलं.

“ते दिसतंच आहे,” बद्रीनाथ कणसाकडं पाहत म्हणाला. पण कणसाकडं पाहणारा माणूस इतका हळू बोलत नाही.

काम मोठं किचकट होतं. उद्या सकाळी जी फुलं उमलणार, त्यांच्यातले पिवळे तुरे आज संध्याकाळीच चिमट्यानं वेचून काढायचे, म्हणजे कणसाला स्वतःची धूळ लागत नाही. बाकीची फुलं खुडायची. वर पिशवी. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत पांढऱ्या शाळूची धूळ आणून त्यावर झटकायची, आणि पुन्हा पिशवी. बद्रीनाथची बोटं जाड होती. तीस फुलं करायला त्याला तास लागायचा, त्यात दहा चिरडायची.

“लगीन लावताय का नवरीचा जीव घेताय?” आवडा बांधावरून म्हणायची.

“तीन वर्षं हेच करतोय मी,” एकदा तो तसाच खाली बसत म्हणाला. त्या दिवशी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. “पहिल्या वर्षी पाखरांनी खाल्लं. गेल्या साली गारपीट. साहेबांनी लिहून कळवलंय, या फुलोऱ्यात मिश्र बी हाती आलं तर ठीक. नाहीतर हा प्रयोग बंद, आणि मी रायचूरला, दफ्तरात.”

“रायचूर लई लांब हाय?”

“लई.”

आवडानं परडी उचलली. एकाच प्रश्नावर थांबल्याची तिची ती पहिलीच सकाळ. घरी येऊन भाकरी थापताना तिच्या मनात आलं, आपल्याला काय त्याचं? रायचूर काय न् बीदर काय… आणि तव्यावरची भाकरी करपली.

अण्णांनी करपलेली भाकरी बिनतक्रार खाल्ली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, “त्यो बद्रीनाथ सोयगावचा ना? आपल्या गल्लीतल्या द्वारकाबाईच्या नणंदेचं गाव. घराणं चांगलं हाय म्हणत होती.”

“मला काय करायचंय?”

“तुला कोण सांगतंय? म्या भाकरीला सांगतोय.”

अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी बद्रीनाथ उशिरापर्यंत शेतात वाकलेला होता. आधी बांधलेल्या कणसांत एकही दाणा धरला नव्हता, आणि परक्या ओळींतला फुलोरा संपत आला होता. शेवटची दोन कणसं उद्या धूळ देतील, मग नाही. त्यानं गावरान शाळूची पाच कणसं तयार केली, पिशव्या बांधल्या, दोऱ्या दोनदा तपासल्या.

येळवशीच्या पहाटे आवडा डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन निघाली. तोंडात मौन, हातात कडुलिंबाची डहाळी. ती वरच्या टोकानं शिरली, कारण आई वरच्या टोकानं शिरायची. एकेका धाटावर शिंपत, एकही कोरडं न ठेवता, ती मनातल्या मनात आईशी बोलत चालली होती. कणसं तिच्या डोक्याएवढी उंच. पलीकडं काय चाललंय, ते दिसत नव्हतं.

पलीकडं बद्रीनाथनं पाचही कणसांच्या पिशव्या नुकत्या उतरवल्या होत्या. पांढऱ्या शाळूची होती नव्हती तेवढी धूळ त्यानं त्यांच्यावर झटकली होती, आणि नव्या पिशव्या घ्यायला तो बांधाकडं वळला होता.

आवडा त्या पाच कणसांशी आली. उघडी होती, बिचारी. तिनं हात आखडला नाही. उलट एकेकावर दोनदा शिंपलं.

“नको—!”

तो धावत आला आणि मध्येच थांबला. कणसांवरून ताकाचे पांढरे थेंब ओघळत होते. पिवळी धूळ त्यात चिखलासारखी कालवली गेली होती. त्यानं एका कणसाला बोट लावलं, बोटाकडं पाहिलं, आणि बांधावर जाऊन बसला.

काय झालं? आवडाच्या ओठांपर्यंत आलं. नेम! तिनं डोळे मिटले, तशीच पुढं गेली, उरलेलं शेत शिंपलं. पण त्या दिवशी तिनं पहिल्यांदा आसरांची पूजा घाईत उरकली. माफ करा गं बायांनो, असं सातींपुढं डोकं टेकवून ती उलट पावली पळत आली.

“काय केलं म्या?”

“काही नाही. सणाचा दिवस आहे, तुम्ही घरी जा.”

“बद्रीनाथ!”

नुसत्या नावानं हाक मारली होती तिनं. त्यानं वर पाहिलं.

“त्या धुळीला पाणी सोसत नाही, आवडाबाई. थेंब पडला की फुटून जाते. आज शेवटची होती. चूक माझी आहे. आज येळवस, हे तुम्ही परवाच सांगितलं होतं. मी नुसता तुमच्या तोंडाकडं बघत ऐकत होतो, म्हणून ध्यानात राहिलं नाही.”

दुसरी वेळ असती तर आवडा लाजली असती. आता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“म्या डोहाळे पुरवायला गेले, न् पोटच पाडलं.”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं.”

“ठाऊक नव्हतं म्हणून इंचवाचं इख उतरतं व्हय?” तिनं पदरानं डोळे खसाखसा पुसले. रडणं तिला फार वेळ जमत नसे, मध्येच प्रश्न यायचे. “पांढऱ्याचा फुलोरा दुसरीकडं कुठंच नाय?”

“आहे. औरंगाबादला, शहराबाहेरच्या सरकारी मळ्यात. तिथं उशिरा पेरलाय. पण तिथं तुमचं गावरान नाही.”

“मग त्यो इकडं आणा.”

“आणता येईल… धाटासकट कापून, पाण्याच्या लोट्यात उभा करून. उद्याच्या पहिल्या गाडीनं. पण इथली गावरान कणसं तर सगळी फुलून गेली.”

“सगळी नाय. चला.”

ती त्याला विहिरीच्या खालच्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथं मोटेच्या पाटाचं पाणी झिरपायचं. त्या ओलीवर गावरान शाळूला मागाहून फुटवे आले होते, आणि तीन फुटव्यांची कणसं आत्ता कुठं टोकाशी उमलायला लागली होती. बद्रीनाथ त्यांच्याकडं पाहत राहिला. देवळात पहिल्यांदा आलेल्या माणसासारखा.

मग त्याचा चेहरा पुन्हा उतरला. “पण आज संध्याकाळी यांचे तुरे काढायला हवेत. दुपारच्या गाडीनं मी गेलो तर इथं कोण करणार? आणि नाही गेलो, तर तिकडून कोण आणणार?”

आवडानं नुसता हात पुढं केला.

“काय?”

“चिमटा.”

“तुम्ही? अहो, ते तुरे केसाएवढे—”

“रोज गणपतीला एकवीस दुर्वा निवडते म्या, तीन तीन पात्यांच्या, एकसारख्या. पंधरा दिवस तुम्हाला फुलं चिरडताना बघितलंय. द्या इकडं.”

त्यानं चिमटा दिला. तिनं श्वास रोखून एक फूल उघडलं. एक… दोन… तीन. तीन पिवळे तुरे चिमट्याच्या टोकावर आले, आणि आतला नाजूक पांढरा गाभा जसाच्या तसा राहिला. बद्रीनाथ तिच्या बोटांकडं पाहत राहिला. मग बोटांवरून नजर मनगटावर गेली, मनगटावरून हनुवटीवर…

“फूल इकडं हाय,” आवडा मान वर न करता म्हणाली.

“माहीत आहे.”

पलीकडं मोटेचं चाक कुरकुरत होतं.

“तीन कणसं तयार करून ठेवीन सांजच्याला,” ती म्हणाली. “पिशव्या बांधून. माझा शब्द.”

“आवडा…” ‘बाई’ कुठंतरी गळून गेलं होतं. “बी धरलं तर मी इथं राहीन. नाही धरलं तर रायचूर. पण एक गोष्ट त्याच्यावर अवलंबून नाही. धरो न धरो, उद्या गाडीतून उतरलो की मी अण्णांना विचारणार आहे.”

“काय विचारणार?”

“तुम्हाला सगळंच विचारायची खोड आहे.”

“सांगा की.”

“तुम्हाला मागणार आहे.”

आवडाच्या चिमट्यात ते फूल चिरडलं गेलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. सरळ, पहिल्या सकाळी ढेकूळ हातात घेऊन पाहिलं होतं तसं.

“विचारा,” ती हळूच म्हणाली. “अण्णा भाकरीला सांगतील, भाकरी मला सांगेल.”

“म्हणजे?”

“मंजे गाडी गाठा आधी!”

तो निघाला. बांधावर जाऊन थांबला, परत आला. खिशातल्या तीन पिशव्या आणि दोऱ्याची गुंडी रुमालात बांधून त्यानं तिच्या हातात ठेवली. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली, आणि दोघंही हात मागं घ्यायला जरा उशीरच करत राहिले…

दुपारी स्टेशनाकडून गाडीची शिटी आली तेव्हा आवडा अंगणात तुळशीपुढं बसली होती. सणाच्या भाज्या, बाजरीचे उंडे, आंबील, सगळं शेजारीपाजारी वाटून झालं होतं. अण्णांना तिनं सगळं सांगितलं होतं. निदान कणसांपुरतं. उरलेलं त्यांनी न सांगता ऐकलं होतं.

ऊन कललं. दिवा लावायला अजून घटकाभर अवकाश होता. पण दिवेलागणीला उजेड सरला असता, आणि तुरे काढायला उजेड हवा होता. आजवर तिनं दिव्याची वेळ कधी मोडली नव्हती. तिनं वात ओढली, तूप घातलं, आणि तुळशीला हात जोडून हळूच म्हणाली, “आज जरा लवकर लावते. काम हाय.”

ज्योत स्थिर झाली. आवडानं रुमालाची पुरचुंडी कनवटीला खोचली, चिमटा पदराच्या टोकात बांधला.

“जाय पोरी,” ओसरीवरून अण्णा म्हणाले. “म्या आलोच बैल सोडून. हात नाय लावणार, नुसता बांधावर बसतो.”

गल्लीत गुलशन कापसाची गाठोडी आत घेत होती. “कुठं निघाली गं सणाच्या सांजेला, इतकी नटून?”

आवडा नटली नव्हती. नुसतं कुंकू नवं लावलं होतं.

“कामाला,” ती म्हणाली, आणि मळ्याची वाट चालू लागली.